शिलाई मशीन ऑपरेटरची पहिली नोकरी : इंदूरमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

घरच्या मशीनवर ब्लाउज, परकर, फ्रॉक शिवणाऱ्यांना रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यातले काम सोपे वाटते आणि ज्यांनी मशीनला कधी हात लावलेला नाही त्यांना ते आपल्या आवाक्याबाहेरचे वाटते. हे दोन्ही समज कामावर पहिल्याच आठवड्यात अडचणीत आणतात. कारखान्यात एक माणूस पूर्ण कपडा शिवत नसतो. एका शर्टाचे काम अनेक लहान कामांत वाटलेले असते आणि ऑपरेटरकडे त्यातले एकच काम असते: कोणी दिवसभर खिसे लावतो, कोणी खांदे जोडतो, कोणी फक्त कॉलरची टोके शिवतो. त्यामुळे कपड्याचे माप घेणे, बेतणे, कापणे यातले काही येत नसले तरी चालते. मात्र तुमच्या वाट्याला आलेले एक काम दिवसाच्या पहिल्या पीसपासून शेवटच्या पीसपर्यंत सारखेच उतरले पाहिजे. हा सारखेपणा हातांच्या सवयीतून येतो आणि सवय योग्य क्रमाने लावली तरच लागते. पुढचे सगळे मार्गदर्शन त्याच क्रमाचे आहे.

काम कुठे शोधावे

इंदूरमध्ये या कामाच्या दोन वेगळ्या दुनिया आहेत. परदेशीपुऱ्याचे रेडिमेड कॉम्प्लेक्स, सांवेर रोडचा औद्योगिक भाग आणि राजवाड्याच्या आसपासच्या घाऊक बाजारासाठी माल बनवणारी लहान लहान युनिटे ही पहिली. येथे लहान मुलांचे कपडे, शाळेचे गणवेश, नाइटवेअर असा माल असतो आणि हाताखाली दहा-वीस मशीनच असतात. दुसरी दुनिया पीथमपूरची आहे. पीथमपूर धार जिल्ह्यात येते, परंतु तेथील मोठ्या कारखान्यांत काम करणारे कितीतरी लोक इंदूरमध्येच राहतात आणि कंपनीच्या बसने जातात-येतात. राजेंद्र नगर किंवा सुदामा नगरकडून जाणाऱ्यांना हे अंतर त्यामानाने सोयीचे पडते. परदेशीपुरा किंवा नंदानगरकडच्यांचा दिवस मात्र बसमुळे बराच लांबतो. म्हणून नोकरी ठरवण्यापूर्वी बस कुठून, किती वाजता सुटते आणि ओव्हरटाइमच्या दिवशी परतीची सोय असते का, हे आधी विचारून घ्यावे.

परदेशीपुरा हा इंदूरच्या जुन्या कापड गिरण्यांचा परिसर. मालवा मिल, हुकूमचंद मिल यांत आजोबांनी काम केल्याच्या आठवणी येथील अनेक मराठी घरांत आहेत. हुकूमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. गिरणीत सूत आणि कापड तयार होत असे; आज या शहरात जे काम वाढते आहे ते कापडापासून कपडा करण्याचे आहे, आणि गिरणीच्या तुलनेत त्यात बायकांना कितीतरी जास्त जागा आहे.

लहान युनिटमध्ये बहुधा पीस रेटवर काम मिळते, म्हणजे जितके पीस तितके पैसे. मोठ्या कारखान्यात महिन्याचा पगार, हजेरी, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) असते. माझे स्पष्ट मत असे आहे की अगदी नवख्या माणसाने सुरुवातीचे काही महिने तरी पगारावरच काम करावे, मग तो पगार पीस रेटवाल्या कारागिराच्या कमाईपेक्षा कमी असला तरी हरकत नाही. पीस रेटवर बसलेला नवशिका पहिल्याच दिवसापासून घाई करतो, हात बसण्याआधीच वेग वाढवतो आणि त्या घाईत लागलेल्या वाईट सवयी पुढे सहजी सुटत नाहीत. हात बसल्यानंतर पीस रेटचा फायदा जरूर घ्यावा.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी आयटीआयचा सुइंग टेक्नॉलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम चांगला आहे, कारण त्यात मशीनच्या रचनेचीही माहिती होते. ज्यांना लगेच कमाई हवी आहे त्यांनी एखाद्या कारखान्यात ट्रेनी किंवा हेल्पर म्हणून लागावे. हेल्परला दोरे कापणे, बंडल पोहोचवणे, कॉलर पलटवणे अशी कामे असतात आणि जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर बसण्याची परवानगी मागता येते. सुपरवायझरला हे विचारायला संकोच करू नये. शिकण्याची इच्छा दाखवणाऱ्या हेल्परला मशीन आधी मिळते, हे मी वारंवार पाहिले आहे.

कारखान्याच्या मशीनची ओळख

सर्वांत आधी ज्यावर बसवतात ती एका सुईची लॉकस्टिच मशीन असते, जिला फ्लोअरवर नुसते सिंगल नीडल म्हणतात. जुकी, ब्रदर, जॅक ही नावे तुम्हाला मशीनच्या अंगावर दिसतील. घरच्या पायमशीनपेक्षा हिच्यात तीन गोष्टी वेगळ्या असतात आणि त्या तिन्हींची सवय लावून घ्यावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे वेग. ही मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून पायाचा थोडासा दाबही पुष्कळ होतो. दुसरी गोष्ट म्हणजे गुडघ्याने दाबायचा लिफ्टर: उजव्या गुडघ्याने तो बाजूला ढकलला की फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचलला जातो आणि दोन्ही हात कापडावर राहतात. तिसरी गोष्ट म्हणजे नव्या कॉम्प्युटराइज्ड मशीनचे पेडल. ते पुढे दाबले की शिलाई चालते, मधल्या स्थितीत मशीन थांबते आणि टाच मागे दाबली की दोरा आपोआप कापला जातो. सवय नसताना टाच नकळत मागे जाते आणि शिवण मध्येच तुटते, म्हणून पाय पेडलवर कसा ठेवावा हे पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याकडून नीट समजून घ्यावे.

लॉकस्टिचखेरीज ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, काज, बटन आणि बारटॅक (ताण येणाऱ्या जागी पक्के टाके घालणारी) या मशीन लाइनमध्ये असतात. ओव्हरलॉक कडा कापत कापत शिवते, त्यामुळे तिच्यावर झालेली चूक उसवली तरी कापलेले कापड परत येत नाही. नवख्याला ती उशिरा देण्याचे कारण हेच आहे. फ्लॅटलॉकवर टी-शर्टच्या बाहीचा आणि खालचा घेर दुमडला जातो. या मशीनकडे सुरुवातीला फक्त पाहावे.

रोज सकाळी मशीन लावणे

काम सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात, त्यातल्या पहिल्या तीन मुख्य स्विच बंद असताना, आणि हा क्रम कधीही बदलू नये.

प्रथम सुई पाहावी. लॉकस्टिच मशीनच्या सुईला एका बाजूने वरपासून खालपर्यंत लांब खाच असते आणि दुसऱ्या बाजूला नाकाच्या, म्हणजे दोऱ्याच्या छिद्राच्या, वर लहानसा खोलगट भाग असतो. लांब खाच डावीकडे आणि खोलगट भाग उजवीकडे यायला हवा. सुई वरपर्यंत पूर्ण ढकलून मगच स्क्रू आवळावा. दोरा डावीकडून उजवीकडे ओवला जातो. सुई थोडी फिरलेली असेल किंवा पूर्ण वर गेलेली नसेल तर टाके सुटतात, आणि नवखे ऑपरेटर अशा वेळी विनाकारण टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारी, चकती फिरवत बसतात. सुईच्या पाकिटावर 11, 14, 16 असे आकडे असतात: पातळ पॉपलिन किंवा शिफॉनला 9 किंवा 11, साधारण शर्टिंगला 11 ते 14, जाड कॉटन आणि जीन्सला 16 किंवा 18 नंबर लागतो. होजिअरीच्या कापडाला बोथट गोल टोकाची, म्हणजे बॉल पॉइंट सुई मागून घ्यावी, कारण टोकदार सुई विणीचा धागा तोडते आणि ते छिद्र धुतल्यावर मोठे होते.

त्यानंतर वरचा दोरा तपासावा. दोरा ज्या ज्या मार्गदर्शक कड्यांमधून जातो त्यांतले एकही सुटलेले नसावे आणि तो टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधोमध नीट बसलेला असावा. दोरा ओवताना फूट वर उचललेला असला की चकत्या उघडतात आणि दोरा आत बसतो. फूट खाली ठेवून ओवलेला दोरा पुष्कळदा चकत्यांच्या कडेवरच राहतो.

तिसरे काम बॉबीनचे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचे. बॉबीन काठोकाठ भरू नये. साधारण ऐंशी टक्के भरली की पुरे. बॉबीन केसमध्ये ती घातल्यावर दोऱ्याचे टोक धरून केस हवेत लोंबकळत ठेवावी. ती आपल्याच वजनाने सरसर खाली उतरत असेल तर टेन्शन सैल आहे, आणि हलका झटका देऊनही जागची हलत नसेल तर घट्ट आहे. झटका दिल्यावर थोडी खाली येऊन पुन्हा थांबणारी केस योग्य समजावी. ही तपासणी करायला काही क्षण पुरतात आणि दिवसभराची डोकेदुखी वाचते.

शेवटी तेल पाहावे. मशीनच्या डोक्यावर लहान काचेची खिडकी असते. मशीन चालू असताना तिच्यात तेल उसळताना दिसले पाहिजे. तेल दिसत नसेल तर मशीन थांबवून मेकॅनिकला बोलवावे. याउलट तेल सुईच्या दांड्यावरून खाली ओघळत असेल तर तेही सांगावे, कारण पांढऱ्या गणवेशावर पडलेला तेलाचा एक डाग अख्खा पीस बाद करू शकतो. रोज सकाळी आधी चिंधीवर थोडे शिवून पाहावे आणि मगच बंडल उघडावे.

आधी कागद, मग चिंधी, मग पीस

पेडलवर ताबा मिळवण्यासाठी कागदावरचा सराव सर्वांत उपयोगी आहे आणि अनेक कारखान्यांत निवडीच्या वेळी हीच परीक्षा घेतात. सुईत दोरा न ओवता आणि बॉबीन काढून घेऊन रेघा असलेल्या वहीचा कागद फुटाखाली ठेवावा आणि रेघेवर छिद्रे पाडत जावे. प्रथम सरळ रेघ, मग चौकोन, मग चौकोनाच्या आत चौकोन असा गोलाकार न होता कोपरे घेणारा मार्ग, त्यानंतर नागमोडी रेघ आणि अखेर लहान होत जाणारे वर्तुळ. चौकोनाच्या कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली असतानाच थांबायचे, गुडघ्याने फूट उचलायचा, कागद वळवायचा, फूट खाली सोडायचा आणि पुढे जायचे. नेमक्या बिंदूवर थांबता येणे ही या सरावातील खरी मिळकत आहे. वेगाने चालवणे कोणालाही जमते. ठरवलेल्या टाक्यावर थांबणे ज्याला जमले त्याच्याच हाती कॉलर, कफ आणि खिसा ही चांगल्या ग्रेडची कामे दिली जातात.

कागदावर हात स्थिर झाला की दोन थर चिंध्या घेऊन शिवावे. मार्जिनसाठी फुटाच्या कडेचा किंवा सुईच्या पाट्यावरील खुणेचा आधार घ्यावा. डोळे सुईवर ठेवू नयेत. ते सुईच्या पुढे, कापडाची कडा मार्गदर्शक खुणेला जिथे भिडते तिथे ठेवावेत. सुईकडे पाहणाऱ्याची शिवण वाकडी होते, कारण सुईखाली आलेले कापड सुधारायला फार उशीर झालेला असतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मशीनचे दाते खालच्या थराला पुढे नेतात आणि वरचा फूट वरच्या थराला किंचित मागे धरतो. त्यामुळे दोन्ही थर एकाच लांबीचे कापलेले असले तरी लांब शिवणीच्या शेवटी वरचा थर थोडा जास्त उरतो. नवखा ऑपरेटर ते उरलेले कापड कात्रीने कापून टाकतो आणि कपड्याची बाजू वाकडी होते. योग्य रीत अशी आहे की दोन्ही टोके आणि मधले नॉच, म्हणजे कटिंगमध्ये दिलेल्या लहान खुणा, जुळवून घ्याव्यात, एका नॉचपासून दुसऱ्या नॉचपर्यंत शिवावे आणि खालचा थर बोटांनी अगदी हलका आवरून धरावा. कापड मागून ओढू मात्र नये. ओढल्याने सुई वाकते, पाट्यावर आपटून तुटते, आणि शिवणही चुण्यांनी भरते.

टाक्यांची लांबी मशीनच्या चक्रावर मिलिमीटरमध्ये असते, तर ऑर्डरच्या कागदावर ती बहुधा एका इंचातील टाक्यांच्या संख्येने दिलेली असते. इंचाला 12 टाके म्हणजे टाक्याची लांबी साधारण 2.1 मिलिमीटर. स्टाइल बदलली की चक्र तपासावे आणि शिवलेल्या शिवणीवर पट्टी ठेवून एका इंचातील टाके मोजून पाहावेत. चक्रावरचा आकडा आणि प्रत्यक्ष टाका यांत जुन्या मशीनवर फरक पडतो.

बंडल हाताळणे आणि वेग

कापलेले भाग बंडलमध्ये येतात आणि बंडलवर स्टाइल, साइज आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. प्रत्येक भागावरही नंबर असतो. एकाच ताग्यातून आणि थरातून कापलेले भाग एकमेकांना जोडले जावेत यासाठी ते नंबर असतात, कारण दोन ताग्यांच्या रंगात डोळ्यांना पटकन न दिसणारा फरक असू शकतो आणि तयार शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा फिकी दिसते. बंडल उघडल्यावर भाग मोजावेत, कमी-जास्त असतील तर शिवायला सुरुवात करण्यापूर्वीच सुपरवायझरला सांगावे, आणि नंबर कधीही मागे-पुढे करू नयेत. चिठ्ठी हरवली तर पगाराचा हिशोबही अडतो, विशेषतः पीस रेटवर.

आता वेगाविषयी. शाळेच्या शर्टाची बाजूची शिवण 20 इंच असेल आणि इंचाला 12 टाके असतील तर एकूण 240 टाके झाले. मशीन मिनिटाला 3000 टाक्यांनी चालली तर हे टाके पडायला पाच सेकंदही लागत नाहीत. तरीही हेच काम करायला नवख्याला मिनिटभर लागते आणि जाणत्या ऑपरेटरला त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा सगळा फरक भाग उचलण्यात, कडा जुळवण्यात, फुटाखाली सरकवण्यात, दोरा कापण्यात आणि पीस बाजूला ठेवण्यात पडतो. म्हणून पेडल जास्त दाबून वेग वाढत नाही. न शिवलेले भाग डावीकडे, सुलट बाजू नेहमी एकाच दिशेला, हाताला लागेल इतक्या उंचीवर ठेवावेत. एका हाताने भाग सरकवत असताना दुसऱ्या हाताने पुढचा भाग पकडावा. शिवलेला पीस घडी घालून न ठेवता सरळ सरकवून ठेवावा आणि पुढे ज्याला तो लागणार आहे त्याच्या सोयीची बाजू वर येईल असा ठेवावा. लाइनमधल्या एखाद्या जुन्या ताईंच्या हातांकडे जेवणाच्या सुट्टीपूर्वी दहा मिनिटे नुसते पाहत बसले तरी पुष्कळ शिकता येते. त्या किती कमी हालचाली करतात ते लक्षात घ्यावे.

प्रत्येक कामासाठी मिनिटांचा ठरलेला वेळ असतो आणि त्यावरून तासाचे टार्गेट निघते. एखाद्या कामाला 0.60 मिनिट धरले असेल तर पूर्ण क्षमतेचा ऑपरेटर तासाला 100 पीस काढेल. तुमची क्षमता पन्नास टक्के धरली तर टार्गेट 50 येईल. सुपरवायझरने सांगितलेले टार्गेट कुठून आले हे तुम्हाला कळत असेल तर बोलणे सोपे होते. पहिल्या महिन्यात टार्गेट पुरे होत नसेल तर घाबरू नये, पण ऑल्टर, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आलेले पीस, किती येत आहेत यावर मात्र बारीक नजर ठेवावी. चेकरकडून परत आलेला पीस उसवायला आणि पुन्हा शिवायला जो वेळ जातो त्यात दोन-तीन नवे पीस झाले असते. चेकरने परत पाठवलेला पीस रागाने घेऊ नये. चूक नेमकी कुठे आहे ते त्याला बोट ठेवून दाखवायला सांगावे.

नेहमीच्या अडचणी

लॉकस्टिचमध्ये दोष जिथे दिसतो त्याच्या उलट बाजूला कारण असते, हे कायम ध्यानात ठेवावे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झुबके किंवा फास दिसत असतील तर वरचा दोरा चकत्यांमध्ये बसलेला नाही किंवा वरचे टेन्शन सैल आहे. वरच्या बाजूला फास दिसत असतील तर बॉबीनचे टेन्शन पाहावे. टाके मधूनमधून सुटत असतील तर प्रथम सुई बदलावी, कारण वाकलेली, बोथट किंवा उलटी बसलेली सुई हेच बहुतेक वेळा कारण निघते. पातळ कापडावर चुण्या येत असतील तर दोन्ही दोऱ्यांचे टेन्शन थोडे सैल करावे आणि बारीक सुई घ्यावी. वरचा दोरा वारंवार तुटत असेल तर ओवण्याचा मार्ग तपासावा, सुईच्या नाकात खरखरीतपणा आला आहे का ते पाहावे आणि मग मेकॅनिकला बोलवावे. हुक, दाते आणि सुईच्या दांड्याची उंची यांना नवख्याने हात लावू नये; ते काम मेकॅनिकचेच आहे आणि एका चुकीच्या स्क्रूमुळे मशीन अर्धा दिवस बंद राहते.

मेकॅनिकला अडचण सांगताना मशीन खराब आहे एवढेच सांगू नये. चिंधीवर शिवलेला दोष त्याच्या हातात द्यावा आणि तो कधीपासून, कोणत्या कापडावर येत आहे ते सांगावे. फ्लोअरवर बोलणे बहुतेक हिंदीतच चालते, आणि धागा, टाँका, दाँता हे शब्द घरी मराठी बोलणाऱ्यांच्याही तोंडी दोन दिवसांत बसतात.

बोटे, डोळे, पाठ

लॉकस्टिचवरचा सर्वांत नेहमीचा अपघात म्हणजे सुई बोटात जाणे. सुईजवळचा फिंगर गार्ड आणि पट्ट्यावरचे झाकण काम अडते म्हणून काढून ठेवणारे लोक आहेत. त्यांचे अनुकरण करू नये. ओव्हरलॉक आणि बटन मशीनवर डोळ्यांसमोरचे पारदर्शक संरक्षक खालीच असावे. ओढणी मागे बांधून घ्यावी, केस बांधून ठेवावेत, हातात लोंबकळणाऱ्या बांगड्या नसाव्यात. दोरा ओवताना, सुई बदलताना, बॉबीन काढताना पाय पेडलवरून पूर्ण बाजूला घ्यावा आणि शक्य असेल तिथे स्विच बंद करावा. सुई बोटात गेलीच तर बोट झटक्याने ओढू नये. मशीन बंद करून बाजूचे चाक हाताने आपल्याकडे फिरवत सुई वर घ्यावी, मग जखमी बोट दाबून धरून ताबडतोब प्रथमोपचाराला जावे; सुईचा तुकडा आत राहिल्याची शंका असेल तर डॉक्टरला तसे सांगून एक्स-रे काढून घ्यावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

तुटलेल्या सुईचे नियम कडक असतात आणि ते योग्यच आहेत. लहान मुलाच्या कपड्यात सुईचे टोक राहून गेले तर काय होईल याची कल्पना करावी. म्हणून सुई तुटली की काम थांबवायचे, सगळे तुकडे शोधायचे, ते रजिस्टरमध्ये चिकटवायचे आणि मगच नवी सुई घ्यायची. एखादा तुकडा सापडत नसेल तर ते लपवू नये. त्या वेळी जवळ असलेले पीस वेगळे काढून मेटल डिटेक्टरमधून तपासले जातात. सुई तुटल्याबद्दल बोलणी खावी लागतील या भीतीने नवखे लोक जुनी सुई खिशात टाकतात, आणि हीच सवय सर्वांत घातक आहे.

दिवसभर वाकून बसल्याने मान आणि कंबर धरते. खुर्ची मशीनच्या जवळ ओढावी, सुईच्या समोर शरीराचा मध्य यावा, पेडल पायाच्या सहज आवाक्यात असावे. पाणी कमी पिऊन प्रसाधनगृहात जाणे टाळण्याची सवय अनेक बायकांना लागते. तिच्यामुळे मूत्रमार्गाचे आजार होतात, तेव्हा त्या वेळेबाबत संकोच करू नये.

पगार आणि कागदपत्रे

रुजू होताना आधार, बँक पासबुक आणि आधीची नोकरी असेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, द्यावा लागतो. नियुक्तीचे पत्र किंवा निदान पगार, पद आणि कामाचे तास लिहिलेला कागद मागून घ्यावा. जिथे 20 किंवा अधिक कामगार आहेत तिथे पीएफ लागू होतो आणि पगारातून 12 टक्के कापले जातात. मालकाचा वाटाही तितकाच असतो. ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि जिथे 10 किंवा अधिक लोक काम करतात तिथे ईएसआय लागू होते. त्यात कामगाराचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के असतो. ईएसआयचे कार्ड मिळाले की नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार घेता येतात आणि घरच्या आश्रितांनाही त्याचा लाभ मिळतो. कापलेली रक्कम खरोखर जमा होते का, हे मोबाइलवरच्या पीएफ पासबुकमध्ये दोन-तीन महिन्यांतून एकदा पाहावे.

कामाची मर्यादा आठवड्याला 48 तास आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. ओव्हरटाइमचे तास स्वतःच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. महिन्याच्या शेवटी हिशोब जुळत नसेल तर ती वही पुढे ठेवता येते. किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि उच्च कुशल असे वेगळे असतात व महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदूरमध्येच आहे, त्यामुळे चालू दर पाहण्यासाठी किंवा तक्रार देण्यासाठी भोपाळला जावे लागत नाही. लहान मुले असलेल्या बायकांनी पाळणाघराविषयी जरूर विचारावे, कारण 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती सोय असणे कायद्याने आवश्यक आहे. त्रास देणाऱ्या वागणुकीची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती 10 किंवा अधिक लोकांच्या प्रत्येक कामाच्या जागी असली पाहिजे. तिच्या सदस्यांची नावे कुठे लावली आहेत ते पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावे.

उचल घेण्याच्या बाबतीत सावध राहावे. लहान युनिटमध्ये दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या आधी मोठी उचल सहज मिळते, पण ती फिटेपर्यंत दुसरीकडे चांगले काम मिळाले तरी जाता येत नाही आणि पीस रेटविषयी बोलायची सोयही राहत नाही.

दुसरी मशीन शिकणे

साधारण तीन महिन्यांत एका कामावर हात बसतो. तेव्हा दुसरे काम मागावे आणि शक्य असेल तर दुसरी मशीन. लॉकस्टिचनंतर ओव्हरलॉक शिकणे योग्य, कारण टी-शर्ट, नाइटवेअर, लहान मुलांचे कपडे या इंदूरच्या मालात तिचे काम सर्वाधिक असते. चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला दोन सुया आणि दोन लूपर (खालून दोरा गुंफणारे आकडे) असतात. दोरे ओवण्याचा क्रम चुकला तर शिवण धरतच नाही, म्हणून पहिले काही दिवस मेकॅनिकसमोरच ओवून पाहावे, आणि चिंधीवर कडा सरळ ठेवण्याचा सराव चाकूला कापड देण्याच्या आधीच करावा. सुपरवायझरकडे कोणाला कोणती मशीन येते याचा तक्ता असतो. तुम्ही नवी मशीन शिकलात की त्या तक्त्यात आपले नाव लागले आहे का ते पाहावे, आणि पगाराच्या चिठ्ठीवर अजूनही हेल्पर लिहिले असेल तर ते बदलून ऑपरेटर करून घेण्याची लेखी विनंती एचआरकडे द्यावी. किमान वेतनाची श्रेणी त्या एका शब्दावर ठरते.